इंदिरानगरातील आगबोटीची चौकशी

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, दख्खनच्या पठारावर वसले आहे. पश्चिमेचे मंगळूर बंदर आणि पूर्वेचे चेन्नई बंदर ही दोन्ही येथून रस्त्याने सुमारे ३५० किलोमीटर दूर आहेत. समुद्राकडे पाठ करून बसायचे ठरविले, तर याहून सोयीची जागा शोधूनही सापडावयाची नाही. भरती-ओहोटी, खारा वारा, धक्का, नांगर हे शब्द येथल्या मुलांना पुस्तकांतूनच ठाऊक होतात. आणि तरीही, वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीचे वेध लागले की या शहराच्या इंदिरानगर नावाच्या भागात आगबोटीच्या प्रवासाच्या ज्या गप्पा रंगतात, त्या ऐकून आपण मालवणच्या किंवा वेंगुर्ल्याच्या बंदरावर तर उभे नाही ना, असा क्षणभर भास व्हावा.

प्रथम या जागेची थोडी ओळख करून घेऊ. बंगळूर विकास प्राधिकरणाची स्थापना १९७६ साली झाली, आणि त्या दशकाच्या अखेरीस प्राधिकरणाने ही वसाहत आखली. इंदिरा गांधींच्या नावावरून तिचे नाव पडले. पश्चिमेस हलसूरचे जुने, विस्तीर्ण तळे आहे. दक्षिणेस दोम्मलूर आहे, आणि तेथील चोक्कनाथस्वामींच्या मंदिरात जुने तमिळ शिलालेख आजही पाहावयास मिळतात. मधल्या भागात काटकोनात छेदणारे उभे-आडवे रस्ते आणि त्यांवर सावली धरणारी मोठमोठी झाडे. एके काळी येथे बैठे बंगले आणि त्यांपुढच्या बागा एवढेच काय ते होते. आता शंभर फुटी रस्त्यावर दुकानांची आणि उपाहारगृहांची अशी दाटी झाली आहे की, जुन्या रहिवाशांना आपलेच घर शोधावे लागते. २० ऑक्टोबर २०११ रोजी बंगळूरात पहिली मेट्रो धावली, तेव्हा तिच्या मोजक्या स्थानकांत इंदिरानगरचे एक होते.

ही वस्ती समुद्रापासून दूर असली तरी जहाजांशी तिचे एक नाते आहे, आणि ते एका सोलापूरकराने जोडून दिले आहे. इंदिरानगराला लागूनच विमानांचा प्रसिद्ध कारखाना आहे. त्याचा पाया डिसेंबर १९४० मध्ये वालचंद हिराचंद यांनी घातला. हे तेच वालचंद, ज्यांनी १९१९ साली आपल्या सहकाऱ्यांसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. त्या कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले, आणि म्हणूनच ५ एप्रिल हा दिवस आपण राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळतो. पुढे विशाखापट्टणचा जहाजबांधणीचा कारखानाही त्यांच्याच पुढाकाराने उभा राहिला, आणि १९४८ साली तेथून ‘जलउषा’ हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात लोटले गेले. इंदिरानगरात आज विमान कारखान्यातील निवृत्त मंडळींची कितीतरी घरे आहेत. ज्या माणसाने या डोंगरमाथ्यावर विमाने आणली त्याचा पहिला ध्यास जहाजांचा होता, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

अशा एका इमारतीच्या गच्चीवर, सुट्टीपूर्वीच्या एका रविवारी भरलेल्या बैठकीस उपस्थित राहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. चार-पाच कुटुंबांनी मिळून मुंबईहून जहाजाने गोव्यास जाण्याचा बेत केला होता. मंडळी मराठी, कन्नड, मल्याळी आणि बंगाली होती. साहजिकच संभाषण चार भाषांत चालले होते. जहाजाला कन्नडात ‘हडगु’ म्हणतात, मल्याळीत ‘कप्पल’ म्हणतात आणि बंगालीत ‘जाहाज’ म्हणतात. आमच्या एक आजीबाई मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘आगबोट’च म्हणत राहिल्या. जहाजावर आता कोळसा नसतो, हे त्यांना नातवाने दोनदा सांगून पाहिले. “कोळसा नसेल, पण बोट तर आहे ना?” एवढेच त्या म्हणाल्या.

पहिला वाद खोलीवरून झाला. अशा जहाजांवर साधारणतः तीन प्रकारच्या खोल्या असतात : आतल्या बाजूची बिनखिडकीची, बंद खिडकीची आणि सज्जाची. दरही त्याच क्रमाने चढत जातात.

“बिनखिडकीची खोली घेतली तर उजाडले कसे कळणार हो?” एका वहिनींनी विचारले.

“चहाचा वास आला की उजाडले म्हणून समजावे,” त्यांचे दीर म्हणाले. “दिवसभर आपण डेकवरच असणार. झोपण्यासाठी समुद्र कशाला पाहिजे?”

“आणि बोट लागली तर?”

“वहिनी, बोट लागणार नाही. लागलेच तर बिल लागेल!”

हशा पिकला खरा, परंतु दोन्ही शंका रास्त होत्या. तिकिटाच्या रकमेत राहणे आणि जेवण बहुधा येते. पेये, काही खास उपाहारगृहे, इंटरनेट आणि किनाऱ्यावरील सहली यांचे पैसे बहुधा निराळे पडतात. बंदराचे शुल्क आणि कर मूळ दरात धरले आहेत किंवा नाहीत, हे तर आरक्षणापूर्वीच विचारून घ्यावे. बोट लागण्याविषयी सांगावयाचे तर, जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर हेलकावा कमी जाणवतो, आणि टोकांच्या व वरच्या मजल्यांवरील खोल्यांना तो अधिक बसतो. ज्यांना त्रास होण्याची भीती वाटते त्यांनी सज्जाचा मोह सोडून मधली खोली घ्यावी. जीव कासावीस होऊ लागला तर पुस्तक मिटावे, मोकळ्या हवेत यावे आणि क्षितिजाकडे दृष्टी लावावी. आल्याचा तुकडा, लिंबू, आवळासुपारी हे आपल्या आजीच्या बटव्यातील उपाय सोबत असू द्यावेत. गोळी घ्यावयाची असेल तर ती डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि त्रास सुरू होण्यापूर्वी घ्यावी.

दुसरा प्रश्न बंगाली काकूंनी काढला. “खोली डाव्या अंगाची घ्यावी की उजव्या?” हा प्रश्न ऐकून काही जण हसले, परंतु त्यात मर्म होते. मुंबईहून गोव्याकडे जाताना जहाज दक्षिणेकडे चालते. कोकणचा किनारा तेव्हा डाव्या हातास राहतो आणि सूर्य उजव्या हातास मावळतो. परतताना हेच उलट होते. अर्थात मोठी जहाजे किनाऱ्यापासून बरीच दूर चालतात आणि बहुतेक अंतर रात्रीच कापतात, तेव्हा प्रत्येक किल्ला खिडकीतून दिसेल अशी आशा कोणी धरू नये. रात्री दूरवर लुकलुकणारा एखादा दीपस्तंभ दिसला, तरी तो पुष्कळ समजावा.

मग तारखांचा प्रश्न निघाला. पश्चिम किनाऱ्यावरील सफरींचा हंगाम मुख्यतः पावसाळा सरल्यावर सुरू होतो. २०१८ च्या ऑक्टोबरात ‘आंग्रिया’ हे जहाज मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाले आणि अनेक वर्षांच्या खंडानंतर त्या वाटेवर पुन्हा प्रवासी जहाज दिसू लागले. पुढे २०२१ च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा सफरींसाठी निघाले. त्याची तिकिटे रेल्वेच्या पर्यटन महामंडळामार्फतही मिळू लागली, त्यामुळे ज्यांनी आजवर आगगाडीखेरीज दुसरे आरक्षण केले नव्हते त्यांचीही भीड चेपली. हे जहाज १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेले, २१० मीटर लांबीचे. इंदिरानगरच्या एखाद्या आडव्या रस्त्यावर ते आणून ठेवले तर या टोकाच्या घरापासून त्या टोकाच्या घरापर्यंत पुरेल, असा हिशेब एका चिरंजीवांनी तेथल्या तेथे केला. २० सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईच्या इंदिरा गोदीत, म्हणजे पूर्वीच्या अलेक्झांड्रा गोदीत, नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सुरू झाले. तेव्हा आता इंदिरानगरातून निघावे आणि इंदिरा गोदीत जहाजावर चढावे, असा मौजेचा योग जुळून आला आहे. मधला प्रवास करावयास उद्यान एक्स्प्रेस आहेच. ती सुमारे एका दिवसात बंगळूरहून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर आणून सोडते, आणि तेथून गोदी जवळच आहे.

वाचकहो, हे सारे प्रश्न आपल्याला नवे वाटतील, परंतु मराठी माणसाने ते पूर्वीही विचारले आहेत. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी बांधलेल्या मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बोटी सुटत असत. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही नावे चाकरमान्यांच्या मुलांना पाढ्यांसारखी पाठ असत. वरचा डेक की खालचा? वळकटी पसरून जागा धरावयास किती आधी यावे? आपल्या बंदरात बोट धक्क्याला लागते की पडावात उतरावे लागते? पडावात उतरताना म्हाताऱ्या माणसास कोण धरील? पावसाळ्यात वाहतूक बंद होण्यापूर्वीची शेवटची बोट कोणती? धक्क्यावरच्या या चौकशीतूनच अनोळखी माणसे एकमेकांची सोबती होत, आणि रत्नागिरी येईपर्यंत एकमेकांच्या डब्यातले खात. साठीच्या दशकात चौगुले कंपनीच्या ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटी आल्या. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही वाहतूक थांबली, आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर ती चौकशीही लोक विसरले.

गच्चीवरील बैठकीत आजीबाईंनी अद्याप काही विचारले नव्हते. त्यांचे माहेर अलिबागकडचे, आणि वय ८० च्या पुढचे. सगळ्यांचे बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, “तुम्ही खिडकीचे विचारलेत, जेवणाचे विचारलेत. आता माझे तीन प्रश्न आहेत. बोटीवर माणसे किती घेणार? पट्टे किती आहेत? आणि बोट कलली तर मी कुठे जाऊन उभी राहायची?”

कोणी तरी हसून म्हणाले, “आजी, अशुभ कशाला बोलता?”

“अशुभ नाही रे बाबा. मी पाच वर्षांची होते. दिव्यांची अवस होती. आईने दिवे घासून पाटावर मांडले होते, वाती घातल्या होत्या. संध्याकाळी बातमी आली. आमच्या आळीत त्या रात्री कोणी दिवा लावला नाही.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या दिवशी सकाळी, ‘रामदास’ ही बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. सणासाठी घरी जाणारी माणसे तिच्यात खच्चून भरली होती. धक्का सोडून फार वेळ झाला नव्हता तोच, काशाच्या खडकाजवळ लाटांच्या तडाख्याने ती कलंडली आणि बुडाली. ६०० हून अधिक माणसे गेली. मुंबई इतकी जवळ असूनही ही बातमी तेथे पोहोचावयास कित्येक तास लागले. स्वातंत्र्य अवघ्या महिन्यावर आले असताना अलिबाग आणि भोवतालच्या गावांत गल्लोगल्ली सुतक होते.

गच्चीवर कोणी बोलेना. मग मल्याळी गृहस्थ पुढे सरसावले. त्यांनी व्यापारी जहाजांवर इंजिनिअर म्हणून उभी हयात काढली होती. ते आजीबाईंच्या समोर खुर्ची घेऊन बसले आणि त्यांनी तिन्ही प्रश्नांची उत्तरे दिली. ती सर्वांच्याच उपयोगाची असल्याने येथे देत आहे.

माणसे किती घ्यावयाची ही मर्यादा प्रत्येक प्रवासी जहाजाच्या सुरक्षा प्रमाणपत्रात ठरवून दिलेली असते, आणि चढणाऱ्या प्रत्येकाचे नाव यादीत नोंदले जाते. म्हणून आरक्षणाच्या वेळी नाव, वय आणि ओळखपत्र यांत चूक राहू देऊ नये. तान्ह्या मुलाचे नावही सुटता कामा नये. पट्ट्यांविषयी, म्हणजे जीवरक्षक जॅकेटांविषयी, आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की, जहाजावरील प्रत्येक माणसामागे एक जॅकेट असलेच पाहिजे, आणि मुलांसाठी त्यांच्या मापाची निराळी असली पाहिजेत. तेव्हा लहान मूल सोबत असेल तर खोलीत पाऊल टाकल्याबरोबर त्याच्या मापाचे जॅकेट मागून घ्यावे.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. संकटाच्या वेळी प्रत्येक प्रवाशाने कोठे जमावयाचे ती जागा ठरलेली असते, आणि ती बहुधा खोलीच्या दाराच्या आतील बाजूस लिहिलेली असते. सात आखूड भोंगे आणि त्यांमागून एक लांब भोंगा ऐकू आला, की त्या जागी जावयाचे. उद्वाहकातून नव्हे, जिन्याने जावयाचे. ज्यांना जिना चढवत नाही त्यांनी तसे आरक्षणाच्या वेळीच कळवावे, म्हणजे संकटसमयी त्यांना हात देणारा माणूस नेमून ठेवता येतो.

“पूर्वी हा सराव प्रवास सुरू झाल्यापासून चोवीस तासांच्या आत केला तरी चालत असे,” ते म्हणाले. “१३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटले, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या अनेक प्रवाशांचा सराव व्हावयाचा होता. ३२ माणसे गेली. त्यानंतर नियम बदलला. २०१५ पासून जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच सराव घ्यावा लागतो. तेव्हा आजी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर धक्का सोडण्याच्या सुमारासच मिळेल. फक्त तेव्हा कोणी छायाचित्रे काढीत बसू नये.”

लांबच्या सफरीच्या मोठ्या जहाजांविषयीच ही काळजी घ्यावयाची, असे मात्र समजू नये. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट आदळली आणि १५ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर तेथील बोटींवर प्रवाशांनी जॅकेट घालण्याची सक्ती झाली. तासाभराचा प्रवास म्हणून पट्टा नको म्हणणारे लोक आपण सर्वांनी पाहिले आहेत. ‘रामदास’चा प्रवासही फार लांबचा नव्हता.

मग नातवाने विचारले, “आजी, म्हणजे आपण जायचे नाही का?”

“जायचे तर!” आजीबाई म्हणाल्या. “मी का नाही म्हटले? माझी खोली मधली घ्या. आणि जिन्याजवळची घ्या.”

बैठकीतील वहीत खिडकी, जेवण, उजवी-डावी बाजू यांच्या नोंदी आधीच होत्या. त्यांच्या वर, पहिल्या ओळीत, आजीबाईंचे तीन प्रश्न लिहिले गेले. पुढची चर्चा पुन्हा पहिल्यासारखीच खेळीमेळीने चालली. बटाटेवडे आले, गोव्यास उतरल्यावर कोणते देऊळ आणि कोणता किनारा पाहावयाचा यावरून दोन तट पडले, आणि ज्यांनी बिनखिडकीच्या खोलीची थट्टा केली होती त्यांनीच दर ऐकून ती पक्की केली.

हा लेख वाचणारी कुटुंबे निरनिराळ्या राज्यांत आहेत, आणि सर्वांनाच मुंबई सोयीची नाही. त्यांनी हेही लक्षात ठेवावे की, मनोरंजनाच्या जहाजांखेरीज आपल्या देशात साधी प्रवासी जहाजेही चालतात. कोचीहून लक्षद्वीपला जाणाऱ्या जहाजांपैकी ‘कवरत्ती’ हे विशाखापट्टणच्या त्याच कारखान्यात बांधलेले आहे. तेथे जाण्यास प्रशासनाचा प्रवेश परवाना आगाऊ काढावा लागतो, तेव्हा तारीख ठरविण्यापूर्वी परवान्याची चौकशी करावी. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टण येथून अंदमानला जहाजे जातात. त्या बेटांच्या राजधानीचे, पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरचे, नाव २०२४ पासून श्रीविजयपुरम असे आहे. चेन्नईहून हा प्रवास सुमारे तीन दिवसांचा असतो. या जहाजांवर नाचगाणे नसते, परंतु बंकवर शेजारी झोपणारा बेटावरचा शिक्षक किंवा सुट्टी संपवून निघालेला शिपाई भेटतो, आणि त्याला विचारण्यासारखे प्रश्न तीन दिवसांतही संपत नाहीत.

आगगाडी चुकीची निघाली तर पुढच्या स्थानकावर उतरता येते, मोटार बिघडली तर रस्त्याच्या कडेला उभी करता येते. जहाजाने धक्का सोडला की पुढच्या बंदरापर्यंत सर्वांचे भाग्य एक होते. म्हणून समुद्राच्या प्रवासात चौकशीला संकोच करू नये, आणि कोणी चौकशी केली तर हसू नये. आपल्या घरात आगबोटीचा काळ पाहिलेले एखादे वडील माणूस असेल, तर तिकीट काढण्यापूर्वी एक संध्याकाळ त्यांच्याजवळ बसावे आणि त्यांना काय विचारावयाचे आहे ते ऐकून घ्यावे. मग जहाजावर चढल्यावर सामान खोलीत ठेवावे, मुलांचा हात धरावा आणि जमण्याची ती जागा त्यांना स्वतः चालत जाऊन शोधून काढावयास लावावी. एवढे झाले की खुशाल डेकवर यावे, डाव्या अंगास उभे राहावे आणि कोकणच्या किनाऱ्यावरचे दिवे मोजावेत.